दारातला पाय

"हुकली की ओ आज पण," मी म्हटलं.

ओकुमुराबाईंनी मान वाकवली, हसल्या आणि जपानीत काहीतरी बोलल्या. दोन डब्यांची ती गाडी आमच्या डोळ्यांदेखत वळणाआड गेली. बाईंनी आपली चाकांची पिशवी बाकाला टेकवली, गुडघ्यांवर हात ठेवत सावकाश बसल्या आणि निळ्या फडक्यात गाठ मारून बांधलेला जेवणाचा डबा मांडीवर घेतला. मग खिशातून संत्रं काढलं, सोललं आणि अर्धं माझ्या हातावर ठेवलं.

"रोज कशी हुकते तुमची?" मी फोड तोंडात टाकत म्हटलं. "जरा आधी निघावं की माणसानं. तुमचं घर तर त्या कोपऱ्यावरच आहे."

त्या पुन्हा हसल्या. त्या जपानीत बोलायच्या, मी मराठीत बोलायची, आणि आमचं झकास चाललं होतं.

मी विटा आगाराची कंडक्टर. आता रिटायर झालेय, पण तेव्हा नोकरी शिल्लक होती. लेकीच्या, रोहिणीच्या बाळंतपणासाठी साठवलेली सगळी रजा काढून मी जपानला गेले होते. जावई तिकडं कंपनीत. शहराचं नाव सांगून उपयोग नाही, माझ्याच लक्षात राहायचं नाही. मोठं स्टेशन होतं, त्याच्या पोटातून निघालेली एक बारकी लाईन होती, आणि ती लाईन जिथं संपायची तिथं रोहिणीचं घर. रूळ संपतात तिथं लाकडाचा अडसर, त्याच्यामागं कुणीतरी लावलेली शेवंती, एक फलाट, एक पत्र्याची शेड आणि एक बाक. दुपारनंतर तिथं स्टेशनचं म्हणून माणूस नसायचं. सगळं ड्रायव्हरच बघायचा.

सकाळी बाळाला तेल, न्हाणं, धुरी. म्हणजे धुरी पहिल्याच दिवशी. ओवा नुसता तव्यावर टाकला तर छताला लावलेलं यंत्र असं बोंबलायला लागलं की शेजारी दारात जमा झाले. जावई सगळ्यांसमोर वाकून वाकून माफी मागत बसले, आणि धुरी बंद झाली. दुपारी मायलेकी झोपल्या की मला घर खायला उठायचं. मग मी स्टेशनात येऊन बसायची. दुसरीकडं कुठं करमणार? माझा सगळा जन्म स्टँडवर गेलेला.

त्या बाकावर हातानं शिवलेल्या पातळ गाद्या होत्या, बाकाला नाडीनं बांधलेल्या. गल्लीतल्या बायका शिवून ठेवायच्या म्हणे. कुणी एक पण नेत नव्हतं. आमच्याकडं स्टँडवरचा बाकडा राहिला तरी पुष्कळ.

गाडीचा ड्रायव्हर पोरसवदा होता. पांढरे हातमोजे. गाडी आली की हँडल काढून, बॅग घेऊन फलाटावरून दुसऱ्या टोकाला चालत जायचा. निघण्याआधी सिग्नलकडं बोट दाखवून स्वतःशीच मोठ्यानं काहीतरी म्हणायचा. आमचे ड्रायव्हर पण बोट दाखवून मोठ्यानं बोलतात, पण ते पुढच्या टेम्पोवाल्याला. एकदा मी त्या पोराला हातानं दोरी ओढल्याची खूण केली, टिंगटिंग म्हटलं आणि छातीवर हात ठेवला. मी पण तुझ्यातलीच. त्याला काय कळलं देव जाणे, पण त्यानं टोपीला हात लावला. तेव्हापासून रोज लावायचा.

ओकुमुराबाईंचं मला रोहिणीकडून कळलं होतं.

"त्यांचे मिस्टर दवाखान्यात असतात," ती म्हणाली होती. "इथून तिसरं स्टेशन. कधीचे तिथंच आहेत. या रोज डबा घेऊन भरवायला जातात. आजोबा नर्सच्या हातून तोंडच उघडत नाहीत."

"आणि बाई रोज गाडी चुकवते बघ. दार लागायला आणि ही कोपऱ्यावर दिसायला एकच गाठ."

"अर्ध्या तासानं दुसरी असते की, आई."

"अगं, तेवढा अर्धा तास म्हातारा तिकडं उपाशी बसत असेल."

"आई, तू तिथं कंडक्टरगिरी करू नकोस हां. नुसती बसून ये."

नुसती बसून ये. माझ्या डोक्यात मात्र तो उपाशी म्हातारा जाऊन बसला.

तुम्हाला सांगते, पळत येणाऱ्या माणसाला मागं टाकून मी कधी डबल बेल दिली नाही. ड्रायव्हर कुरकुरायचे. "बाई, पोस्टमन आहात का, घरोघर जाऊन माणसं गोळा करायला?" म्हणायचे. पण खानापूरच्या फाट्यावर लांबून कुणाचं फडकं हललेलं दिसलं की माझा हात आपोआप दोरीवर जायचा. खिडकीतून अर्धी बाहेर येऊन मी ओरडायची, "पाय उचला, गाडी थांबलीय." माणसं धापा टाकत चढायची आणि म्हणायची, "देव तुमचं भलं करो बाई." मला त्याची सवय लागली होती. आज कळतं, चटकच म्हणायची ती.

त्या दिवशी वारा होता. गाडी लागलेली. शाळेच्या चार पोरी, एक कोटातला माणूस, बाळाला छातीशी बांधलेली एक बाई, एवढीच माणसं आत. दार लागायच्या आधी तिथं एक छोटी धून वाजते. ती वाजली, आणि धून संपता संपता रोजच्यासारख्या ओकुमुराबाई कोपऱ्यावर दिसल्या.

त्या पळत नव्हत्या. हे मी तेव्हाही बघितलं होतं. निवांत चालल्या होत्या, मागं पिशवी ओढत, कुणाच्या तरी कुंड्यांकडं बघत. पण मला वाटलं, बिचारीच्यात पळायचं त्राण नाही, आशा सोडलीय तिनं.

मी उठले आणि दारात पाय घातला.

दार माझ्या बुटाला लागलं आणि परत उघडलं. धून पुन्हा वाजली. मी पाय काढला नाही. ड्रायव्हरनं खिडकीतून मान बाहेर काढली आणि काहीतरी विचारलं. "एक मिनिट," मी त्याला म्हटलं, आणि कोपऱ्याकडं वळून माझ्या एसटीच्या आवाजात हाक मारली, "या, या, ओकुमुराबाई. पाय उचला, गाडी थांबलीय तुमच्यासाठी."

बाई थांबल्या. आधी त्यांनी मागं वळून बघितलं, कुणाला बोलावतात म्हणून. मागं कुणी नव्हतं. मग माझ्याकडं बघितलं, दाराकडं, खिडकीतल्या ड्रायव्हरकडं, आतल्या माणसांकडं. त्यांचा चेहरा लालेलाल झाला. मला वाटलं, आनंद झाला बाईला. तिथूनच त्या कमरेत वाकल्या, एकदा गाडीच्या दिशेनं, एकदा माझ्या दिशेनं, आणि पळायला लागल्या.

फलाटावर चढायला उतार होता. पिशवीचं चाक कडेला अडकलं, पिशवी कलली आणि तिच्याबरोबर बाई आडव्या झाल्या.

मी पळत गेले. ड्रायव्हर माझ्या आधी पोचला. बाई कुशीवर पडल्या होत्या आणि एक पाय बाहेरच्या बाजूला वळला होता. असा वळलेला पाय मी घाटातल्या अपघातात बघितलाय. खुबा गेला होता. ड्रायव्हर गुडघ्यावर बसून फोन करत होता आणि बाई त्याला सारखं म्हणत होत्या, "सुमिमासेन, सुमिमासेन." गाडीतली माणसं उतरून आली तर त्यांना तेच. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं तर मला तेच. तेवढा एक शब्द मला येत होता. माफ करा.

"अहो गप राहा," मी म्हटलं. "कशाची माफी?"

डबा घरंगळत भिंतीपाशी गेला होता. फडक्याची गाठ तशीच होती. बाईंची नजर एकसारखी त्या डब्यावर. मी तो उचलला आणि खुणेनं सांगितलं, मी नेते, मी भरवते. त्या मान हलवायला लागल्या. नको, नको, हातानं पण नको. दुखण्यानं तोंड पांढरं पडलेलं, तरी नको. मला वाटलं, भिडेखातर म्हणतेय.

त्यांना मोठ्या दवाखान्यात नेलं. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला. मी डबा घेऊन पुढच्या गाडीनं तिसऱ्या स्टेशनावर उतरले.

दवाखान्यात तोंड उघडावं लागलं नाही. नर्सनं निळं फडकं ओळखलं, माझ्याकडं नवलानं बघितलं आणि आत घेऊन गेली. आजोबा खिडकीशी पलंगावर बसते केलेले होते. हाडांचा सापळा, पण केस नीट विंचरलेले. छातीवर रुमाल आधीच बांधलेला. खिडकीतून रूळ दिसत होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या मागं दाराकडं.

डब्यात मऊ भात होता, उकडलेला भोपळा, काटे काढून कुस्करलेला मासा. मी चमचाभर भात घेतला, फुंकर मारली. "आ करा, आजोबा."

ओठ घट्ट मिटलेले.

"असं काय करताय? तुमच्या घरचंच आहे. बघा तरी."

मी चमचा ओठाला लावला. शितं हनुवटीवर आली, ती मी पुसली. परत लावला. त्यांनी तोंड फिरवलं, रागानं नाही, नुसतं फिरवलं, आणि दाराकडं बघत बसले. तेवढ्यात खिडकीबाहेरून गाडी गेली. तिच्याकडं बघितलं आणि परत दाराकडं. ती आली की बायको येते, एवढं त्यांना पक्कं माहीत होतं. गाडी आली होती. बायको आली नव्हती. तिच्या जागी ही परकी बाई चमचा घेऊन बसली होती.

भरलेला डबा घेऊन मी घरी आले.

रोहिणी आधी चिडली. न सांगता कुठं गेलीस, फोन का उचलला नाहीस. मग मी सांगितलं, तशी तिचा राग उतरला. पाळण्यातल्या पोरीकडं बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी दारात रेल्वेचे दोन साहेब. काळे सूट, हातात बिस्किटांचा डबा. मला वाटलं, आता माझी वरात निघणार. मी पदर नीट केला आणि उभी राहिले.

"ते विचारतायत," रोहिणी म्हणाली, "दारामुळे तुझ्या पायाला काही लागलं का?"

"माझ्या पायाला?"

"हो. झालं असेल तर माफ करा म्हणतायत."

"अगं त्यांना सांग, पाय मी घातला होता. मुद्दाम. त्या पोराची चूक नव्हती म्हणावं."

रोहिणीनं सांगितलं. दोघं साहेब ऐकून घेत होते आणि मधेमधे मान हलवत होते. मग दोघंही एकदम वाकले.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, बाहेरच्या देशातून आलेल्या माणसाला कळेल अशी पाटी तिथं लावायला हवी होती. त्यांची चूक झाली."

बिस्किटं ठेवून ते गेले. तो टोपीला हात लावणारा पोरगा मी असेतो मला परत त्या गाडीवर दिसला नाही. त्याची पाळी बदलली असेल. असेल म्हणते आपली मी.

तीन-चार दिवसांनी ओकुमुराबाईंची भाची आली. ती लांबच्या गावाहून आली होती. मध्यम वयाची, डोळ्यांखाली काळं. तिच्याही हातात मिठाईचा खोका. बसायच्या आधी ती मला वाकली.

"म्हणतेय, मावशीचं ऑपरेशन झालं," रोहिणी सांगायला लागली. "मावशी तुझ्याबद्दल सांगायची. बाकावर आता सोबत असते म्हणायची. आणि तिच्यामुळं तुला एवढा त्रास झाला म्हणून…"

"बास," मी म्हटलं. "तिला एक विचार. मावशीची गाडी रोज का हुकायची?"

भाचीला प्रश्नच कळला नाही. रोहिणीनं दोनदा वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारला. मग ती हळूहळू बोलायला लागली, आणि रोहिणी ऐकत राहिली.

"काय म्हणाली?"

"हुकायची नाही, आई."

"म्हणजे?"

"मागं एकदा एका ड्रायव्हरनं त्यांना लांबून येताना बघून गाडी थांबवली होती. आपल्यासाठी एवढी माणसं खोळंबली याची त्यांना फार लाज वाटली. तेव्हापासून त्या दार लागायची धून ऐकूनच घरातनं बाहेर पडतात. म्हणजे त्यांच्यासाठी थांबायचा कुणाला मोहच व्हायला नको. मग बाकावर बसून पुढच्या गाडीची वाट बघायची. त्यांना पळायचं नव्हतंच, आई. त्यांची हाडं ठिसूळ झालीयत. डॉक्टरांनी बजावलं होतं."

मी भाचीकडं बघितलं. ती काळजीनं माझ्याकडं बघत होती, मला काही होतंय का म्हणून.

"तिला सांग, माझ्यामुळं झालं. नीट सांग. मी हाक मारली नसती तर त्या पळाल्या नसत्या."

रोहिणीनं सांगितलं. भाची हात हलवून नाही नाही म्हणायला लागली आणि पुन्हा वाकली. कुणी मला चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. तिथं कुणी माझा गुन्हा माझ्या पदरात घालायलाच तयार नव्हतं. मी कबूल करायला जावं, तर समोरचाच तो आपल्या ओटीत ओढून घ्यायचा.

मग मी रोज दवाखान्यात जायला लागले. भाचीला सगळे दिवस राहता येणार नव्हतं. रोहिणी तिला विचारून जपानी तऱ्हेचा मऊ भात शिजवायची, मी तो निळ्या फडक्यात बांधायची. आजोबांनी माझ्या हातचं एक शीत खाल्लं नाही. केस विंचरू द्यायचे, तोंड पुसू द्यायचे, तोंड उघडायचे नाहीत. गाडी गेली की दाराकडं बघायचे. एक दिवस गेले तर नाकात नळी घातलेली होती. आणि हात नळीकडं जाऊ नये म्हणून त्याला मऊ मोजा बांधलेला.

त्यानंतर मी जायचं बंद केलं. बाळाचं कारण सांगितलं. बाळाला काही झालेलं नव्हतं.

निघायच्या आधी रोहिणीबरोबर मोठ्या दवाखान्यात एकदा ओकुमुराबाईंना भेटले. त्या झोपेच्या गोळीच्या गुंगीत होत्या. मी त्यांच्या पायांवर पांघरूण सारखं केलं आणि आले.

इकडं येऊन ड्यूटीवर रुजू झाले. पहिल्याच फेरीला खानापूरच्या फाट्यावर लांबून एक म्हातारी येताना दिसली. ड्रायव्हर आरशातून म्हणाला, "बाई, थांबायचं ना?" मला हाक मारवेना. मी खाली उतरले, चालत तिच्यापाशी गेले आणि विचारलं, "आजी, या गाडीला यायचंय का?" गाडीतली माणसं ओरडत होती. आगारात सगळे म्हणायला लागले, जपानहून आल्यापासून शालनबाईंचं डोकं फिरलंय. म्हणेनात का.

थंडी संपता संपता रोहिणीचा फोन आला. आजोबा गेले. ओकुमुराबाई तेव्हा मोठ्या दवाखान्यात चालायला शिकत होत्या. बातमी त्यांना दुसऱ्या दिवशी कळली.

त्यानंतर पुष्कळ महिने मी रोहिणीकडं त्यांची चौकशी केली नाही. ती काही सांगायला लागली की मी नातीचं विचारायची. पण एका रविवारी तिनं न सांगताच व्हिडिओ कॉल लावला. मी अंगणात खुर्ची टाकून शेंगा फोडत बसले होते. बघते तर समोर तोच बाक, तीच शेड. नात गादीवर उभी राहून नाचतेय आणि शेजारी ओकुमुराबाई. निम्म्या झाल्या होत्या. समोर चार पायांची काठी.

"आई, त्या आता रोज येऊन बसतात इथं," रोहिणी म्हणाली. "जायचं कुठं नसतं. मी आज त्यांना सगळं सांगितलं. तू म्हणत होतीस तसं, तूच हाक मारलीस म्हणून पळाल्या, सगळं. त्यांना तुझ्याशी बोलायचंय."

मी शेंगांचं सूप खाली ठेवलं. आता बोलतील, मी मनात म्हटलं. बोला बाई, काय बोलायचं ते बोला. मी त्याचीच वाट बघत होते.

ओकुमुराबाईंनी दोन्ही हातांनी फोन धरला. बराच वेळ हळू आवाजात बोलल्या, आणि बसल्या जागी जेवढं वाकता येईल तेवढं वाकल्या.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"म्हणतायत, तुम्ही माझ्यासाठी गाडी थांबवलीत. मी पोचू शकले नाही. माफ करा."

त्या तशाच वाकलेल्या होत्या. त्यांच्या मागं गाडी उभी होती, आणि तेवढ्यात दार लागायची धून वाजली. इथं, अंगणात, खुर्चीखाली माझा उजवा पाय आपोआप पुढं सरकला. मी तो मागं ओढून घेतला आणि पदराखाली झाकला.